राक्षस घडवणारा शास्त्रज्ञ आणि परळची लस



१८१८ हे साल आपल्या महाड तालुक्यात कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागून रायगड घेतला. दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होत्या. पेशवाई गेली, इंग्रजांचे राज्य आले. हा इतिहास आपण शाळेत शिकतो आणि पाचाडला गेलो की पुन्हा ऐकतो.

त्याच १८१८ च्या १ जानेवारीला लंडनमध्ये एक कादंबरी बाहेर पडली. पाचशेच प्रती छापल्या होत्या आणि पुस्तकावर लेखकाचे नाव नव्हते. लिहिणारा पुरुषच असणार, असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात ती वीस वर्षांची एक तरुण बाई होती. तिचे नाव मेरी शेली, आणि कादंबरीचे नाव ‘फ्रँकेन्स्टाईन’. भुतांच्या, पडक्या वाड्यांच्या, वादळी रात्रींच्या ज्या कादंबऱ्यांना इंग्रजीत गॉथिक म्हणतात, त्यांतली ही फार गाजलेली. नारायण धारपांच्या भयकथा ज्यांनी रात्री दिवा विझवून वाचल्या आहेत, त्यांना ही जातकुळी लगेच कळेल.

आज आम्ही या कादंबरीतल्या शास्त्रज्ञाबद्दल बोलणार आहोत, आणि मग आपल्या परळच्या दोन खऱ्या शास्त्रज्ञांबद्दल. हा विषय का घेतला, तेही सांगतो. बचत गटांच्या बैठकांना आम्ही महाड आणि पोलादपूरच्या वाड्यावाड्यांत जातो. लसीचा विषय निघाला की एखादी आजी हमखास विचारते, “ज्याने ही बनवली, त्याने आधी सोताला टोचून घेतली का?” हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे आम्हाला कधी वाटले नाही. शास्त्राला विचारायचा हा फार जुना प्रश्न आहे. मेरी शेलीची सारी कादंबरी याच प्रश्नाभोवती फिरते.

आधी तिच्याबद्दल दोन शब्द. मेरीचा जन्म ऑगस्ट १७९७ चा. तिची आई मेरी वुल्स्टनक्राफ्ट ही स्त्रियांच्या हक्कांबद्दल १७९२ मध्ये पुस्तक लिहिणारी मोठी विचारवंत. पण बाळंतपणानंतर ताप भरला आणि मुलगी दहा-अकरा दिवसांची असताना आई गेली. मेरी सतरा वर्षांची असताना तिला पहिले मूल झाले, अपुऱ्या दिवसांचे. ते थोड्याच दिवसांत दगावले. जन्म आणि मरण किती जवळ असतात, हे तिला कुणी शिकवावे लागले नाही. आपल्याकडच्या जुन्या बायकांनाही ते शिकवावे लागत नसे.

१८१६ च्या उन्हाळ्यात ती स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहायला गेली. त्या वर्षी युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता आणि त्याच्या राखेने आभाळ झाकोळले होते. पाऊस थांबेना. घरात बसलेल्या मंडळींनी एकेकाने भुताची गोष्ट लिहायची पैज लावली. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. तिने लिहायला घेतलेली गोष्ट म्हणजे हे पुस्तक.

गोष्टीतला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन हा जिनिव्हाच्या खात्यापित्या घरचा मुलगा. आई-वडील प्रेमळ, दोन धाकटे भाऊ, आणि घरातच वाढलेली एलिझाबेथ, जिच्याशी त्याचे लग्न व्हायचे ठरलेले. कॉलेजला निघण्याच्या ऐन वेळी एलिझाबेथला तापाची साथ लागते. तिची सेवा करताना तो आजार आईला जडतो आणि आई जाते. हे दुःख उरात घेऊन व्हिक्टर जर्मनीतल्या इंगोलस्टाट गावी शिकायला जातो. तिथे त्याच्या मनात येते की मरणावर मात करायची आणि निर्जीव देहात जीव घालायचा.

सुरुवात वाईट नाही, हे लक्षात घ्या. ज्याची आई अकाली गेली, त्याला मरणाचा राग येणारच. महत्त्वाकांक्षा बहुतेक वेळा अशा चांगल्या दारानेच घरात शिरते. पण पुढे तिने या मुलाचे काय केले ते मेरी शेलीने बारकाईने दाखवले आहे. तो घरी पत्र लिहिणे सोडतो. जेवणखाण, झोप, ऋतू, कशाचे भान राहत नाही. स्मशानातून, खाटीकखान्यातून हाडे-मांस गोळा करतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत दार लावून काम करतो. कुणाला दाखवत नाही, कुणाला विचारत नाही. नवी जमात आपल्याला देव मानेल, अशी स्वप्ने पाहतो. मरणाचे दुःख कुठच्या कुठे राहते आणि उरतो फक्त ‘मी’.

नोव्हेंबरच्या एका पावसाळी रात्री त्याने बनवलेला तो देह डोळे उघडतो. आता इथे काय होते? ज्याच्यासाठी दोन वर्षे रक्त आटवले, त्याच्याकडे पाहून हा घाबरतो आणि खोलीबाहेर पळतो. नुकत्याच जन्मलेल्या जिवाला टाकून जातो. त्याला नावसुद्धा देत नाही. आज लोक त्या राक्षसालाच फ्रँकेन्स्टाईन म्हणतात, पण ते नाव बनवणाऱ्याचे आहे. बनलेल्याला पुस्तकात शेवटपर्यंत नाव नाही.

आमच्या मते व्हिक्टरचा पहिला गुन्हा जीव बनवण्याचा नाही, टाकून पळण्याचा आहे. बाळाला जन्म देऊन कोणी तसे टाकले तर आपण काय म्हणू? बाईने टाकले तर गाव दगड मारेल. पुरुषाने आणि विद्वानाने टाकले, तर त्याला मनाची तगमग म्हणायचे, असे दिसते.

आता दुसरा गुन्हा, जो आम्हाला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. त्या टाकलेल्या जिवाच्या हातून व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम मारला जातो. मुलाच्या गळ्यातले आईचे चित्र असलेले लॉकेट घरातली कामवाली मुलगी जस्टिन हिच्या खिशात सापडते. ते त्या जिवानेच तिथे ठेवलेले असते. आळ जस्टिनवर येतो. तिला पोलीस पकडतात, पाद्री नरकाची भीती घालतो आणि ती बिचारी न केलेला गुन्हा कबूल करते. व्हिक्टरला खरे काय ते माहीत असते. पण मी सांगितले तर लोक मला वेडा म्हणतील, असे म्हणत तो गप्प बसतो. जस्टिन फासावर जाते.

फाशीनंतर व्हिक्टर फार रडतो. आपल्याइतके दुःख जगात कुणालाच नाही, असे त्याला वाटते. फाशी गेलेल्या पोरीपेक्षाही आपण जास्त सोसतो आहोत, असे तो म्हणतो. अपराधीपणा माणसाला आतून कसा कुरतडतो याची वर्णने पुस्तकात पानोपानी आहेत, आणि ती खरी वाटतात. झोप उडते, माणसे नकोशी होतात, डोंगरात एकटाच भटकत राहतो. पण हा सगळा अपराधीपणा तोंडातून बाहेर येत नाही, म्हणून त्याचा कुणाला काडीचा उपयोग होत नाही. टोचणी मनात ठेवली की माणसाला वाटते, आपण शिक्षा भोगतोच आहोत. आणि त्या भोगण्यातच त्याचे समाधान होते.

त्या जिवाची बाजूही मेरी शेलीने ऐकवली आहे. तो एका झोपडीशेजारी लपून राहतो, तिथल्या गरीब कुटुंबाचे बोलणे ऐकून भाषा शिकतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी माणुसकीने बोलतो. पण डोळस मुलगा येतो आणि रूप पाहून काठीने झोडपतो. तेव्हा तो चिडतो आणि बनवणाऱ्याकडे येऊन म्हणतो, मला माझ्यासारखी एक जोडीदारीण दे, मी कायमचा दूर निघून जाईन. व्हिक्टर कबूल होतो, अर्धी बनवतो आणि पुन्हा भीतीने मोडून टाकतो. मग मित्र मारला जातो. लग्नाच्या रात्री एलिझाबेथ मारली जाते. वडील त्या धक्क्याने जातात. सगळे संपल्यावर व्हिक्टर न्यायाधीशाकडे जाऊन सत्य सांगतो, पण तोवर वाचवायला कुणी उरलेले नसते. मग तो सूड घ्यायला उत्तर ध्रुवाच्या बर्फात त्याच्या मागे धावतो आणि एका जहाजावर मरतो. मरताना तो म्हणतो की मागे वळून पाहता माझे वागणे दोष देण्यासारखे नव्हते. इतके सारे होऊनही!

त्या जहाजाचा कप्तान वॉल्टन हाही तसाच महत्त्वाकांक्षी, ध्रुवावर पोचायला निघालेला. पण खलाशी म्हणतात, परत फिरा, आम्हाला घरी जायचे आहे. वॉल्टनला वाईट वाटते, तरी तो ऐकतो आणि जहाज वळवतो. दोघांमधला फरक एवढाच. एकाने दार लावून घेतले होते आणि दुसऱ्याच्या भोवती त्याला अडवणारी माणसे होती.

मैत्रिणींनो, ही झाली कादंबरी. आता परळला जाऊ. महाड-पोलादपूरच्या घराघरातले कुणी ना कुणी मुंबईत गेलेले. चाकरमान्यांच्या दोन-तीन पिढ्या परळ-लालबागच्या गिरण्यांत आणि चाळींत गेल्या. मोठे आजारपण आले की आजही आपण म्हणतो, केईएमला न्या. त्याच परळमध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. तिला ज्यांचे नाव दिले, त्या वाल्डेमार हाफकिन यांची गोष्ट व्हिक्टरच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा शहरात ज्यू कुटुंबात झाला. तरुणपणी काही काळ त्यांनी जिनिव्हात काम केले, म्हणजे योगायोगाने व्हिक्टरच्याच गावात. मग ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि कोलकात्यात कॉलऱ्यावर काम करू लागले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. बघता बघता साथ पसरली. लाखो लोक शहर सोडून गेले. गिरण्या ओस पडल्या, गिरणगावातली माणसे बोचके बांधून गावाकडे निघाली. सरकारने घरोघर झडत्या सुरू केल्या. दवाखान्यात नेतात ते मारायलाच, अशी अफवा उठली आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोकांचा विश्वास उडालेला होता आणि त्याला कारणेही होती.

त्या ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस बनवली. ध्यास म्हणाल तर तो व्हिक्टरइतकाच. रात्रंदिवस काम, सोबतीची माणसे थकून गेली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तब्बल दहा मिलिलिटर लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकले, पण ते उठून कामाला लागले. आजीच्या प्रश्नाचे उत्तर या दिवसात आहे.

त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या राजी झालेल्या कैद्यांना लस दिली आणि न टोचलेल्यांशी त्यांची तुलना केली. टोचलेल्यांमध्ये आजार कमी झाला. कैदी ‘राजी झाले’ असे पुस्तकांत लिहितात. तुरुंगातला माणूस साहेबाला नाही म्हणू शकतो का, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. पण एक नक्की, सुई आधी हाफकिन यांच्या स्वतःच्या अंगात गेली होती आणि मग कैद्यांच्या.

त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्याजवळ सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन मुलगा यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच आजाराने त्यांचा मृत्यू झाला. लस अजून मुंबईच्या एका खोलीतून नुकतीच बाहेर पडत होती.

पुढे लसीची मागणी वाढत गेली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात मोठी प्रयोगशाळा सुरू झाली. लाखो लोकांना लस मिळाली. १९०२ मध्ये पंजाबात प्लेगने हाहाकार केला आणि तिथल्या सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लस मागितली. लवकर आणि जास्त लस व्हावी म्हणून प्रयोगशाळेने पद्धत बदलली. आधी लसीत जंतू वाढू नयेत म्हणून कार्बोलिक आम्ल घालत, ते सोडून उष्णतेवर भर दिला. पॅरिसमध्येही असेच करतात, असे हाफकिन यांचे म्हणणे होते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचले होते. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही.

एकोणीस माणसे. लस घेतली नसती तर त्यांतली बरीच जगली असती. हा आकडा वाचून पुढे जाणे सोपे आहे. पण त्या गावात त्या आठवड्यात एकोणीस घरांतून रडणे उठले असेल. आजारापासून वाचायला म्हणून ही माणसे रांगेत उभी राहिली होती.

चौकशी समिती नेमली. समितीने म्हटले की बाटली परळच्या प्रयोगशाळेतच बिघडली असावी. हाफकिन यांना पदावरून दूर केले. ज्यांनी इतकी माणसे वाचवली, ते एका दिवसात खुनी ठरल्यासारखे झाले. आता इथे व्हिक्टर असता तर काय केले असते? पळाला असता. हाफकिन पळाले नाहीत. त्यांनी बाटलीचा क्रमांक, भरल्याची तारीख, कामाच्या नोंदी, साक्षी, सगळे कागद पुढे ठेवले. पुन्हा तपासा, असे ते वर्षानुवर्षे मागत राहिले.

त्या कागदांतून दोन गोष्टी दिसल्या. बाटली उघडताना डॉक्टरने तिचा वास घेतला होता आणि वास वाईट नव्हता. धनुर्वाताचे जंतू आत कित्येक आठवडे वाढले असते तर घाण वास सुटला असता. आपल्याला हे कळायला शास्त्र लागत नाही. लोणच्याची बरणी बिघडली की झाकण काढताच कळते. दुसरी गोष्ट अशी की गावात बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो औषधाच्या पाण्यात नुसता बुचकळून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने कागद तपासले आणि परळचा दोष सिद्ध होत नाही असे म्हटले. मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस यांनी आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्रे लिहिली. शेवटी हाफकिन निर्दोष ठरले. त्यांना पुन्हा नोकरी मिळाली, पण कोलकात्यात. परळ काही परत मिळाले नाही. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले आणि १९३० मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारले, त्याच सरोवराच्या काठी.

जस्टिनची गोष्ट इथे पुन्हा आठवते. संकट आले की आधी कुणीतरी एक माणूस शोधायचा आणि सगळा दोष त्याच्या पदरात टाकायचा, ही सवय कादंबरीत आहे तशी सरकारी दप्तरातही आहे. पण मग आपणही सगळे त्या चिमटा पाडणाऱ्या मदतनिसावर ढकलून मोकळे व्हायचे का? तेही नको. लस घाईने लागत होती, खेड्यात उघड्यावर काम चालले होते, आणि पडलेला चिमटा पुन्हा कसा साफ करायचा हे त्या मदतनिसाला कुणी किती नीट शिकवले होते, तेही बघायला हवे. शेवटच्या माणसाला दोषी ठरवले की वरच्यांची सुटका होते.

परळची दुसरी गोष्ट छोटी आहे, पण आम्हाला फार जवळची वाटते. मूल न झालेल्या बाईला आपल्याकडे अजून वांझ म्हणतात. दोष तपासायच्या आधीच तिच्या माथी येतो. १९७८ च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने भारतातले पहिले जन्मले. पण कुणी विश्वास ठेवला नाही. सरकारी समितीने त्यांना खोटे ठरवले, परदेशात आपले काम मांडायला जाऊ दिले नाही, डोळ्यांच्या संस्थेत बदली केली. जून १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला.

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात एक टेस्ट ट्यूब मुलगी जन्मली. हे काम डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे. भारतातले पहिले म्हणून त्यांचे देशभर नाव झाले. ‘प्रयोगशाळेतले मूल’ म्हणून काहींना भीतीही वाटली होती. त्या भीतीत मेरी शेलीच्या राक्षसाची थोडी सावली होतीच. प्रत्यक्षात ते आई-वडिलांच्या कुशीत वाढलेले साधे मूल होते.

१९९७ मध्ये आनंद कुमार एका विज्ञान परिषदेसाठी कोलकात्याला गेले. तिथे मुखोपाध्यायांची हाताने लिहिलेली टिपणे त्यांना वाचायला मिळाली. त्यांनी ती बारकाईने तपासली, त्या मुलीच्या आई-वडिलांशी बोलले आणि जाहीर लिहिले की भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ आमचे नव्हे, मुखोपाध्यायांचे. अकरा वर्षे जो मान आपल्या नावावर होता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या नावावर केला. ज्याला तो मान दिला, तो माणूस जाऊन सोळा वर्षे झाली होती. गप्प बसले असते तरी कुणी जाब विचारणार नव्हते. व्हिक्टरला बोलायचे होते तेव्हा एका मुलीचा जीव वाचणार होता, तरी तो गप्प बसला. इथे वाचवायला कुणी नव्हते, तरी हे बोलले.

आता आपल्यासाठी यात काय आहे? पहिले असे की ही गोष्ट मुलींना भीती घालायला वापरू नये. ‘जास्त शिकलीस की असे होते’ असा अर्थ काढणारे लोक असतात. मेरी शेली अठराव्या वर्षी पुस्तक लिहायला बसली, तीही महत्त्वाकांक्षाच होती. पोलादपूरच्या डोंगरातून एसटी पकडून महाडला विज्ञान शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलींनी खुशाल शास्त्रज्ञ व्हावे. फक्त दार लावून घेऊ नये. आपल्या कामाबद्दल घरी बोलावे, चार जणींना प्रश्न विचारू द्यावेत.

दुसरे असे की आपल्या भागात नवे काही आले, तर तीन प्रश्न विचारायची सवय लावू. कारखाना असो, नवी फवारणी असो, झटपट कर्ज देणारी योजना असो की औषध असो. हे आणणारा माणूस स्वतःच्या घरात वापरतो का? बिघडले तर निस्तरायला कोण थांबणार? आणि नुकसान झाले तर दोष कुणाच्या डोक्यावर पडणार? महाडला रासायनिक कारखाने आले तेव्हा रोजगार आला, घरे उभी राहिली. त्याबरोबर हवेचे आणि पाण्याचे प्रश्नही आले. रोजगार हवा आणि प्रश्नही विचारायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

तिसरे आपल्या गटाचे. बैठकीच्या वहीत खाडाखोड करायची नाही आणि रक्कम जुळली नाही तर त्याच बैठकीत सर्वांपुढे सांगायचे, हा नियम आपल्या गटांत असतो. काही जणींना तो जाचक वाटतो. पण हाफकिन यांना शेवटी कशाने सोडवले? बाटलीच्या क्रमांकाने आणि तारखेच्या नोंदीने. नोंद चांगली ठेवली तर निर्दोष माणसाला आधार मिळतो आणि ज्याच्या हातून चुकले, त्यालाही वेळेत सांगायची वाट मिळते. हिशेब जुळला नाही की सगळ्यांच्या नजरा हिशेब लिहिणाऱ्या एकीकडे वळतात. तेव्हा जस्टिन आठवा, आणि आधी वही उघडा.

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत यायला घाबरणारी कुणी शेजारीण असेल, तर तिला हाफकिन यांची गोष्ट सांगा. मुल्कोवालची गोष्टही लपवू नका, पूर्ण सांगा. जी बाजू आपण लपवतो, ती अफवा होऊन परत येते. आणि केईएमला कुणाला घेऊन परळला जाल, तेव्हा हाफकिन इन्स्टिट्यूटची पाटी नक्की वाचा. तिथे कुणी काय सोसले, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

पुढच्या भेटीपर्यंत नमस्कार.